तळहातावर उमटणारे विष : आर्सेनिक, त्वचा आणि प्रतिकारशक्ती

छत्रपती संभाजीनगर : एखाद्या गोष्टीवर ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. हस्तलिखित पोथीत चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लेखनिक त्यावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देत असत. त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला. हे हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग होय. तांबड्या रंगाची मनशीळ त्याच कुळातली, आणि विषप्रयोगाच्या जुन्या कथांतून भेटणारा पांढरा सोमल म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड. आर्सेनिकची ओळख मराठी माणसाला नवी नाही. मात्र सोमलाच्या एका मोठ्या मात्रेने माणूस काही तासांत दगावतो, एवढीच ती बहुतेकांच्या मनात असते.

आज जगभरच्या आरोग्य यंत्रणांना चिंता आहे ती आर्सेनिकच्या दुसऱ्या रूपाची. विहिरीच्या किंवा हातपंपाच्या पाण्यातून दररोज अत्यल्प प्रमाणात पोटात जाणारे आर्सेनिक पाच, दहा, वीस वर्षांनी आपला परिणाम दाखवते. त्या पाण्याला रंग नसतो, वास नसतो आणि चवही बदललेली नसते. तळहातावर आणि तळपायावर कडक दाणे दिसू लागतात तेव्हा शरीराच्या संरक्षण व्यवस्थेला बराच धक्का बसून गेलेला असू शकतो. म्हणूनच या विषाचा विचार त्वचा आणि प्रतिकारशक्ती या दोन्ही अंगांनी करणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्राच्या वेशीवरील गाव

आर्सेनिकचा प्रश्न हा केवळ बंगालचा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या राजनांदगाव जिल्ह्यात, अंबागड चौकी विकासखंडातील कौडीकसा या गावाचे नाव १९९९ मध्ये वैज्ञानिक नियतकालिकांत झळकले. त्या वेळी हा भाग मध्य प्रदेशात होता. २००० मध्ये छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि २०२२ पासून हा परिसर मोहला-मानपूर-अंबागड चौकी या नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाला आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील डॉ. दीपांकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील विहिरी व हातपंपांचे पाणी तपासले. सर्वाधिक दूषित नमुन्यात एका लिटरमागे ८८० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आढळले. कौडीकसा गावात तपासलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४२ टक्के आणि मुलांपैकी ९ टक्के जणांच्या त्वचेवर आर्सेनिकच्या खुणा होत्या. तेथे कोणताही कारखाना पाण्यात विष सोडत नव्हता. त्या भागातील ग्रॅनाइट व रायोलाइट या खडकांतील खनिजांतून आर्सेनिक नैसर्गिकरीत्या भूजलात उतरत होते.

दुसरे उदाहरण मराठवाड्याच्या दक्षिणेकडचे आहे. औरंगाबादप्रमाणेच पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या आणि आता कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात मोडणाऱ्या सुरपूर तालुक्यात किरदळ्ळी तांडा ही वस्ती आहे. मंगळूर पट्टा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रदेशात पूर्वी सोन्याच्या खाणी होत्या. सोन्याच्या खनिजासोबत आर्सेनिकयुक्त खनिजे सापडणे ही भूशास्त्रात नेहमीची बाब आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील ५९ कूपनलिकांपैकी ७९ टक्के कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त होते. तपासलेल्या १८१ रहिवाशांपैकी ५८.६ टक्के व्यक्तींच्या त्वचेवर विकृती आढळल्या. खाणीतून निघालेल्या गाळामुळे तेथील मातीतही आर्सेनिकचे प्रमाण मोठे होते.

या दोन्ही ठिकाणी ग्रामस्थ अनेक वर्षे तेच पाणी पीत होते. पाणी स्वच्छ दिसत होते. मुद्दाम आर्सेनिकची तपासणी होईपर्यंत रोगाचे मूळ कळले नाही.

पाण्यात येते कोठून?

आर्सेनिक हे मूलद्रव्य क्रमांक ३३ असून पृथ्वीच्या कवचात सर्वत्र अल्प प्रमाणात आढळते. भूजलात ते प्रामुख्याने दोन मार्गांनी येते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात हिमालयातून वाहून आलेल्या गाळातील लोहकणांना आर्सेनिक चिकटलेले असते. जमिनीखाली प्राणवायूचा अभाव असतो, तेथील जिवाणूंच्या क्रियेने हे लोह विरघळते आणि त्याबरोबर आर्सेनिक मोकळे होते. पश्चिम बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, आसाम आणि बांगलादेशातील समस्या मुख्यतः या प्रकारची आहे. दुसरा मार्ग कठीण खडकांचा. आर्सेनिक आणि गंधक असलेली खनिजे हवा व पाण्याच्या संपर्कात आली की त्यांचे विघटन होऊन आर्सेनिक झिरपते. कौडीकसा व किरदळ्ळी ही या दुसऱ्या प्रकारची उदाहरणे होत.

भारतात पश्चिम बंगालमधील रुग्ण प्रथम उजेडात आणण्याचे श्रेय कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे जाते. १९८३ मध्ये त्यांच्याकडे आलेल्या ग्रामीण रुग्णांच्या त्वचेवरील डागांचा माग विहिरींपर्यंत पोहोचला. बांगलादेशात तर नदी-तळ्यांतील जंतूंपासून सुटका व्हावी या सद्हेतूने लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या होत्या. १९९३ मध्ये त्यांतील आर्सेनिक लक्षात आले. साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडला गेला आणि मानवी इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असे तिचे वर्णन करण्यात आले.

मर्यादा किती?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ५० वरून १० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकातही (आयएस १०५००) ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम हीच स्वीकारार्ह मर्यादा आहे.

हे प्रमाण किती सूक्ष्म आहे, हे टँकरच्या हिशेबाने समजते. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये या मर्यादेइतके आर्सेनिक म्हणजे ग्रॅमचा केवळ दहावा भाग. कौडीकसा परिसरातील सर्वाधिक दूषित पाणी त्याच टँकरमध्ये भरले, तर त्यात पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास आर्सेनिक असेल. इतक्या मोठ्या पाण्यात ते ना डोळ्यांना दिसते, ना जिभेला कळते.

शरीरात गेल्यावर

पाण्यातून गेलेले असेंद्रिय आर्सेनिक आतड्यांतून सहज शोषले जाते. यकृतात त्यावर रासायनिक प्रक्रिया होते, त्याची वेगळी संयुगे तयार होतात आणि ती मूत्रावाटे बाहेर टाकली जातात. ही प्रक्रिया प्रत्येकात सारख्या क्षमतेने होत नाही. आनुवंशिक गुण, वय, आहारातील प्रथिने आणि फोलेटसारखी जीवनसत्त्वे यांवर ती अवलंबून असते. त्यामुळे एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या एकाच कुटुंबात एकाचे हात खरखरीत होतात आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच दिसत नाही.

पश्चिम बंगालमधील एका पाहणीत, प्रमाणित वजनाच्या ८० टक्क्यांहून कमी वजन असलेल्या लोकांमध्ये तळहात-तळपायाचे दाणे १.६ पट अधिक आढळले. बांगलादेशातील एका नियंत्रित चाचणीत, फोलेटची कमतरता असलेल्या प्रौढांना १२ आठवडे फोलिक अ‍ॅसिड दिल्यावर रक्तातील आर्सेनिक सुमारे १४ टक्क्यांनी घटले. कुपोषित माणसाला हे विष अधिक बाधते, असा याचा अर्थ.

शरीरात उरणारे आर्सेनिक गंधकयुक्त प्रथिनांना चिकटते. त्वचेचा बाह्य थर, केस आणि नखे ज्या केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात, त्यात गंधक भरपूर असते. त्यामुळे आर्सेनिकचा साठा तेथे होतो. आर्सेनिकच्या खुणा प्रथम त्वचेवर दिसण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

त्वचेवरील खुणा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दूषित पाणी पिण्यास आरंभ झाल्यापासून साधारण किमान पाच वर्षांनी त्वचेत बदल दिसतात. त्यांचे टप्पे ढोबळमानाने असे सांगता येतील.

रंगबदल : छाती, पाठ आणि दंड-मांड्यांवर त्वचा काळवंडते. गडद पार्श्वभूमीवर फिकट ठिपके उठतात. धुळीच्या अंगणात पावसाचे मोजके थेंब पडावेत तशी ही नक्षी असते आणि वैद्यकातही तिचे वर्णन पावसाच्या थेंबांच्या उपमेनेच केले जाते.

जाड होणे : तळहात व तळपायांची त्वचा जाड व खरखरीत होते. त्यावर चामखिळीसारखे कडक दाणे उमटतात. सुरुवातीला ते दिसण्याआधी बोटांना जाणवतात. शेतमजूर किंवा बांधकाम कामगार यांच्या हातांना पडणारे घट्टे आणि हे दाणे यांत फरक असतो. घट्टे अवजाराचा दाब पडतो तेथे येतात. आर्सेनिकचे दाणे दोन्ही हातांवर, दोन्ही पायांवर आणि दाब न पडणाऱ्या तळपायाच्या खोलगट भागातही आढळतात. पुढे भेगा पडतात, रक्त येते, चालणे व काम करणे अवघड होते.

कर्करोग : अनेक वर्षांनंतर काही जणांत ‘बोवेनचा आजार’ ही कर्करोगाची पूर्वावस्था आणि त्यानंतर त्वचेचा कर्करोग उद्भवतो. उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग सहसा चेहरा व हातांवर होतो. आर्सेनिकचा मात्र कपड्यांनी झाकलेल्या भागांवरही आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आर्सेनिकचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला आहे. त्वचेखेरीज फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध सिद्ध झाला आहे.

याचा पुरावा विहिरींच्याही आधी औषधांतून मिळाला होता. १७८६ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेले ‘फाउलरचे द्रावण’ हे आर्सेनिकयुक्त औषध सोरायसिस, दमा, ताप अशा विकारांवर शतकाहून अधिक काळ दिले जात होते. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या तळहातांवर दाणे उठतात आणि पुढे कर्करोग होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच डॉक्टरांच्या लक्षात आले होते.

हा कुष्ठरोग नव्हे

अंगावरील फिकट डाग पाहून गावात पहिली शंका येते ती कुष्ठरोगाची किंवा कोडाची. बंगाल आणि बांगलादेशात या गैरसमजापायी लग्ने मोडली, विवाहितांना माहेरी पाठवण्यात आले, मुलांना वेगळे बसवले गेले. आर्सेनिकची बाधा एका व्यक्तीपासून दुसरीला होत नाही. शेजारी बसल्याने, एकत्र जेवल्याने किंवा स्पर्शाने ती पसरत नाही. कुष्ठरोगातील चट्टा सहसा बधिर असतो, आर्सेनिकच्या ठिपक्यांवर स्पर्श कळतो. मात्र आर्सेनिकमुळे हातापायांच्या नसा दुखावून मुंग्या येणे, जळजळ होणे हा त्रास होऊ शकतो. त्यामुळे निदान घरी न करता त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. अर्थात कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो, हे विसरता कामा नये.

प्रतिकारशक्तीचा पाया खचतो

त्वचेवरील डाग डोळ्यांना दिसतात. प्रतिकारशक्तीचे नुकसान दिसत नाही आणि म्हणूनच ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. गेल्या दोन-तीन दशकांत मात्र या विषयावर भरीव संशोधन झाले आहे.

आपल्या शरीराचे संरक्षण ढोबळमानाने दोन फळ्यांत चालते. जंतू शिरताच त्याला गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी ही पहिली फळी. शत्रू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशी ही दुसरी. आर्सेनिक या दोन्ही फळ्यांवर आघात करते. पश्चिम बंगालमधील बाधितांच्या रक्तावर केलेल्या अभ्यासांत भक्षक पेशींची जंतू गिळण्याची क्षमता घटलेली दिसली. टी-पेशींना उत्तेजन दिल्यावर त्या अपेक्षेइतक्या वाढत नाहीत आणि परस्परांना संदेश देणारी रसायनेही कमी स्रवतात, असेही आढळले. मेक्सिकोतील शाळकरी मुलांच्या अभ्यासातही याला दुजोरा मिळाला.

याचे परिणाम प्रत्यक्ष आजारपणात कसे उतरतात, याचे सर्वांत बोलके पुरावे बांगलादेशातील मतलब येथील आहेत. तेथे गर्भवतींच्या मूत्रातील आर्सेनिक मोजून त्यांच्या बाळांच्या आजारपणाची नोंद ठेवण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्वाधिक आर्सेनिक असलेल्या मातांच्या बाळांना श्वसनमार्गाच्या खालच्या भागातील संसर्गाचा धोका सर्वांत कमी आर्सेनिक असलेल्या गटाच्या तुलनेत ६९ टक्क्यांनी आणि अतिसाराचा धोका २० टक्क्यांनी अधिक होता. टी-पेशी जिथे परिपक्व होतात ती थायमस ग्रंथी या बाळांमध्ये आकाराने लहान असल्याचेही तेथील संशोधकांना आढळले. पुढे त्याच परिसरातील नऊ वर्षांच्या मुलांमध्ये गालगुंडाच्या लसीमुळे निर्माण होणारी प्रतिपिंडे आर्सेनिकच्या प्रमाणानुसार कमी दिसली. म्हणजे लस वेळेवर टोचूनही तिचा पुरेपूर लाभ मुलाला मिळेलच असे नाही.

प्रौढांबाबतचा धडा दक्षिण अमेरिकेतील चिलीने दिला. तेथील अँटोफागास्ता शहराला १९५८ मध्ये नव्या नदीचे पाणी पुरवण्यात आले. त्यात लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. शुद्धीकरण प्रकल्प उभा राहीपर्यंत, म्हणजे १९७० पर्यंत, संपूर्ण शहर ते पाणी प्यायले. कर्करोगाबरोबरच क्षयरोगाने होणारे मृत्यूही त्या भागात वाढल्याचे संशोधकांनी २०११ मध्ये मांडले. बालपणी वा गर्भावस्थेत या पाण्याच्या संपर्कात आलेल्यांमध्ये श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या विकाराने तरुणपणीच मृत्यू येण्याचे प्रमाण कितीतरी अधिक होते. क्षयरोगाचे मोठे ओझे असलेल्या भारतासाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

प्रयोगशाळेतही हेच चित्र दिसले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना पाच आठवडे लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी देऊन नंतर फ्लूच्या विषाणूची लागण करण्यात आली. साधे पाणी पिणाऱ्या उंदरांच्या मानाने त्यांच्या शरीराचा प्रतिसाद उशिरा सुरू झाला आणि विषाणूंची संख्या अधिक राहिली.

डाग आणि दुर्बलता यांचा दुवा

त्वचा हे केवळ आवरण नसून प्रतिकार व्यवस्थेचा एक अवयवच आहे. त्वचेच्या थरात ‘लँगरहॅन्स पेशी’ नावाचे पहारेकरी असतात. बाहेरून शिरणारे जंतू आणि आतल्या आत बिघडलेल्या पेशी यांची खबर ते टी-पेशींना देतात. तैवानमधील आर्सेनिकबाधितांच्या बोवेनच्या आजाराने ग्रस्त त्वचेत हे पहारेकरी घटलेले आढळले.

येथे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एकीकडे आर्सेनिकमुळे त्वचेच्या पेशींची वाढ अनियंत्रित होते आणि त्यांच्या जनुकांची दुरुस्ती करणारी यंत्रणा मंदावते. दुसरीकडे अशा बिघडलेल्या पेशींना ओळखून नष्ट करणारी व्यवस्थाही दुबळी होते. दाण्याचे रूपांतर कर्करोगात होण्याची वाट यामुळे मोकळी होते. तळहातावरचा दाणा पाहून डॉक्टर केवळ मलम देत नाहीत, तर खोकला, वजन घटणे, मूत्रातून रक्त जाणे यांचीही चौकशी करतात, ती याचसाठी.

निदान आणि उपचार

मूत्रातील आर्सेनिक गेल्या काही दिवसांतील संपर्क दाखवते. केस व नखांतील प्रमाणावरून मागील काही महिन्यांचा अंदाज येतो. मूत्र तपासणीपूर्वी काही दिवस समुद्रातील मासे खाऊ नयेत. त्यांत निरुपद्रवी सेंद्रिय आर्सेनिक असल्याने एकूण आकडा फुगतो. संशयास्पद दाण्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो.

दीर्घकालीन बाधेवर आर्सेनिक शरीरातून काढून टाकणारे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही. तीव्र विषबाधेत वापरली जाणारी औषधे जुनाट बाधेत उपयोगी पडतात, असा निर्विवाद पुरावा नाही. पहिला उपचार म्हणजे ते पाणी तत्काळ थांबवणे. त्यानंतर डाळी, कडधान्ये, अंडी, दूध, पालेभाज्या असा प्रथिने व फोलेट देणारा आहार, धूम्रपान पूर्ण बंद, जाड त्वचा मऊ करण्यासाठी युरिया किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडयुक्त मलमे आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून नियमित तपासणी. सुरुवातीच्या अवस्थेतील डाग पाणी बदलल्यावर काही अंशी फिके पडतात. कर्करोगाचा वाढीव धोका मात्र अनेक दशके राहतो. अँटोफागास्तात पाणी शुद्ध झाल्यानंतर चाळीस वर्षांनीही फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू अधिकच होते.

आपल्याला धोका किती?

छत्रपती संभाजीनगर आणि मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. या खडकात आर्सेनिकयुक्त खनिजे फारशी नसतात. त्यामुळे बंगाल किंवा कौडीकसा यांच्यासारखा नैसर्गिक धोका येथे सर्वसाधारणपणे संभवत नाही. मराठवाड्याच्या भूजलातील परिचित तक्रारी नायट्रेट, क्षार आणि काही ठिकाणी फ्लोराइडच्या आहेत. जायकवाडीच्या नाथसागरातून शहराला येणारे पाणी भूपृष्ठावरील असल्याने खोल खडकाशी त्याचा संबंध अल्प असतो. वाचकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

तरीही निष्काळजी राहता येत नाही. नळाला अनेक दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव या शहराने वर्षानुवर्षे घेतला आहे. त्यामुळे कूपनलिका, टँकर आणि जार यांवरील भिस्त वाढली. या पाण्याचा उगम ग्राहकाला ठाऊक नसतो. पूर्व विदर्भातील भूस्तर तर मराठवाड्याहून वेगळा आहे. सीमेपलीकडील कौडीकसासारखे जुने कठीण खडक गडचिरोलीतही आहेत आणि तेथे दक्षतेची गरज अधिक आहे.

याबाबत चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, टीडीएस मोजणारे उपकरण आर्सेनिक दाखवत नाही. ते पाण्यातील एकूण क्षार मिलिग्रॅममध्ये सांगते, आर्सेनिकची बाब मायक्रोग्रॅमची असते. दुसरी, प्रयोगशाळेत नमुना देताना आर्सेनिकची तपासणी हवी असे स्पष्ट लिहावे, कारण नेहमीच्या चाचण्यांत तिचा समावेश असतोच असे नाही. राज्य शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयाकडे याविषयी विचारणा करता येते. तिसरी, पाणी उकळल्याने आर्सेनिक जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. कँडल फिल्टर, तुरटी फिरवणे वा अतिनील किरणांचे यंत्र यांवर विसंबू नये. आरओ यंत्राने आर्सेनिक बऱ्याच अंशी दूर होते, पण यंत्राची निगा राखली आणि शुद्ध झालेल्या पाण्याची पुन्हा तपासणी केली तरच खात्री बाळगता येते. चौथी, बाधित भागात त्याच पाण्यावर पिकवलेल्या व शिजवलेल्या तांदळातूनही आर्सेनिक पोटात जाते.

औषधांबाबत सावधगिरी

पाण्याखेरीज शहरी वाचकांच्या घरात आर्सेनिक येण्याचा एक मार्ग औषधांचा आहे. हरताळ, मनशीळ व सोमल यांचा शोधन करून उपयोग सांगणारी रसौषधांची परंपरा जुनी आहे. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ‘ई-१’ या अनुसूचीत ही द्रव्ये विषारी म्हणून नोंदलेली असून त्यांच्यापासून बनवलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. नाव-गाव नसलेल्या पुड्या, त्वचारोगावरील ‘रामबाण’ गोळ्या आणि वेष्टनावर घटक न छापलेली औषधे महिनोन्‌महिने घेणे टाळावे. घेतली असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे.

आधुनिक वैद्यकातही आर्सेनिकला स्थान आहे. रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे औषध २००० पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. परंतु ते रुग्णालयात, मोजून, हृदयाच्या तपासण्या करत दिले जाते. विहिरीतून रोज मिळणाऱ्या मात्रेवर असे कोणाचेच लक्ष नसते.

कौडीकसातील मुलांपैकी ९ टक्के जणांच्या अंगावर खुणा होत्या, उरलेल्या ९१ टक्के मुलांच्या त्वचेवर काहीच दिसत नव्हते. पाणी मात्र तीही त्याच गावचे पीत होती. त्वचा स्वच्छ आहे म्हणून पाणी स्वच्छ आहे, असे मानता येत नाही. ज्या कूपनलिकेचे पाणी घरातली लहान मुले आणि गर्भवती स्त्री रोज पिते, तिची आर्सेनिकसह एकदा रीतसर तपासणी करून घ्यावी आणि अहवाल जपून ठेवावा.